बारा टोप्या आणि एक सासू

लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी मी माझी सासू दाभोळच्या खाडीत विसरून आले.

(खाडीत म्हणजे पाण्यात नव्हे, फेरीबोटीवर. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण ही बातमी आमच्या आळीत पोचली तेव्हा 'विसरली'चं 'सोडली' झालं होतं आणि आळीच्या दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर 'ढकलली' झालं होतं!)

बरं, विसरले तीही काही बाजारहाट करताना नाही. पर्यटन व प्रवास व्यवस्थापन या विषयाच्या पदव्युत्तर परीक्षेत, पुण्याहून आलेल्या परीक्षकांच्या डोळ्यांदेखत, 'प्रवाशांची गणना व सुरक्षितता' या वीस गुणांच्या भागात विसरले.

मी मूळची कारकून. रत्नागिरीतल्या एका कार्यालयात वीस वर्षं इतरांच्या प्रवास सवलतीच्या अर्जांवर शिक्के मारते आहे. कुणी काश्मीरला जातं, कुणी अंदमानला, आमचे शिपाईकाकासुद्धा उटीला जाऊन आले. मी कुठे गेले? माहेरी खेडला आणि लग्नकार्याला मुंबईला. शनिवार-रविवार चालणाऱ्या या अभ्यासक्रमाची जाहिरात पेपरात आली तेव्हा ती सासूबाईंनीच कापून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

"आई, त्रेचाळीस वर्षांची आहे मी," मी म्हटलं.

"मग? मी चौथीतून निघाले तेव्हा नऊ वर्षांची होते. त्याचं काय झालं? दुसऱ्यांच्या प्रवासावर शिक्के मारत मरणार हायस काय गो? शिक! सैपाकाचं मी बगते."

आणि खरंच, दोन वर्षं शनिवार-रविवारचा स्वयंपाक त्यांनी बघितला. बाहत्तर वर्षांच्या बाईने, मधुमेहाच्या गोळ्या खात, सुनेच्या अभ्यासासाठी मासे साफ केले. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी जे केलं ते वाचताना माझी किंमत किती कमी होते, हे वाचणाऱ्याला नीट कळावं.

दुसरी सांगायची गोष्ट म्हणजे मी जात्याच घाबरट. घरातून निघताना गॅस तीनदा बघते. कुलूप ओढून बघते, मग ते ओढताना उघडलं की काय म्हणून पुन्हा बघते. अशा बाईने लोकांना फिरवण्याचं शास्त्र शिकावं म्हणजे विंचवाला भिणाऱ्याने जांभ्या दगडाच्या खाणीत नोकरी धरावी! पण अभ्यास मी जिवापाड केला. स्वयंपाकघरात सासूबाईंना समोर बसवून पाठांतर करायची.

"प्रवासी चुकला तर त्याने काय करावं?"

"बोंब मारावी," कोलंबी सोलता सोलता सासूबाई म्हणायच्या.

"नाही आई. जागा सोडू नये. शेवटी जिथे सगळे एकत्र होते, तिथेच थांबावं."

"आनि सहलवालीनं काय करावं?"

"तिने दर थांब्यावर माणसं मोजावीत."

"ह्याला दोन वर्षं लागतात?" असं विचारून त्या कोलंबी धुवायला उठायच्या.

शेवटच्या सत्रात प्रात्यक्षिक होतं. एका दिवसाची सहल आखायची, बारा प्रवासी न्यायचे, परीक्षक सोबत येणार. अट एकच, पण ठळक अक्षरात छापलेली: प्रवासी त्रयस्थ असावेत, नातेवाईक चालणार नाहीत. मी मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळातले बारा जण गोळा केले. मार्गही झकास आखला. मांडवीहून निघायचं, जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडायची, गुहागरवरून धोपाव्याला जायचं, तिथून दुसऱ्या फेरीबोटीने दाभोळ. दाभोळात जुनं बंदर, जुनी मशीद, मासळीचं जेवण, आणि संध्याकाळपर्यंत परत. कागदावर ही सहल इतकी सुरेख दिसत होती की ती कागदावरच ठेवायला हवी होती.

सहल रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा अचानक ठरला. कधी? रविवारी. आमंत्रण कुणाला? अख्ख्या मंडळाला!

बाराच्या बारा प्रवासी एका फोनमध्ये गळाले. परीक्षक शनिवारच्या गाडीने निघणार. तारीख पुढे ढकलायची तर पुढच्या वर्षीच. मी शनिवारभर ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या, रस्त्यात नुसत्या हसणाऱ्या अशा सगळ्यांना विचारून बघितलं. एकही माणूस मिळेना.

"आपण आहोत की," माझे यजमान म्हणाले. मिलिंद शाळेत गणित शिकवतात आणि घाबरायचं काम त्यांनी लग्नापासून माझ्यावर सोपवलेलं आहे. "मी, आई, मुंबईहून शोभाताई आणि भावोजी आलेच आहेत. नाना-काकू, आणि वरच्या वाडीतले सहा जण. झाले बारा."

"अहो, नातेवाईक चालत नाहीत!"

"नातेवाईक आहोत हे कपाळावर लिहिलंय काय?"

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण दोन वर्षांचे शनिवार-रविवार डोळ्यांसमोर आले आणि मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना घराच्या ओटीवर बसवून सूचना दिल्या. "उद्याच्या दिवसापुरतं तुम्ही मला ओळखत नाही. एकमेकांनाही ओळखत नाही. कुणी नावाने हाक मारायची नाही."

"एकोनीस वर्षांत मी तुला ओळखलं नाय म्हनून सांगायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई, एक दिवस."

"जमंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास दिसला त्याने मला जास्तच धडकी भरली.

सकाळी साडेसहाला मांडवीला गाडी उभी राहिली. चालवायला बशीरभाई. परीक्षक डॉ. सबनीस आले, उंच, किडकिडीत, हातात फळीला लावलेला कागद, चेहरा असा की हसू आलंच तर आधी अर्ज करून येईल. मी सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. (दुकानात भगव्या, हिरव्या, निळ्या आणि पिवळ्या होत्या. बाकीच्यांचा काही ना काही अर्थ निघाला असता.) टोप्यांमुळे गर्दीत आपली माणसं पटकन ओळखता येतात, असं मी परीक्षकांना समजावलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. ते काही लिहू लागले की मी टाचा उंचावून कागदात डोकवायची.

सासूबाईंचा फोन मात्र मी आधीच काढून घेतला होता. त्यांना दिवसातून दहा फोन येतात आणि त्या प्रत्येकाला स्पीकरवर सांगतात की मी कुठे, कशाला आणि कुणाबरोबर आले आहे. फोन माझ्या पर्समध्ये. त्यांच्या गोळ्याही माझ्या पर्समध्ये, कारण त्या विसरतात. (त्या! विसरतात!)

गाडी निघाली आणि माझ्या नातलगांनी अभिनयाला सुरुवात केली.

मिलिंद खिडकीतून बाहेर असे बघत होते जणू काही रत्नागिरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. "अरे वा, समुद्र!" ते म्हणाले. शोभाताई नवऱ्याशेजारी बसल्या खऱ्या, पण मधे पिशवी ठेवून. नानांनी तर कमाल केली. शेजारी बसलेल्या स्वतःच्या बायकोला नमस्कार करून त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या?" काकूंनी तोंडाला पदर लावला आणि जयगड येईपर्यंत त्या हसू दाबत थरथरत होत्या.

"त्या बाईंना बरं नाही का?" परीक्षकांनी विचारलं.

"गाडी लागते त्यांना," मी म्हटलं.

"मग पुढच्या जागेवर का बसवलं नाहीत?" आणि लिहिलं!

पण खरा प्रयोग सासूबाईंचा. आपण अनोळखी आहोत हे ठसवायचं तर अनोळखी माणसाची चौकशी करायला हवी, असा त्यांचा हिशेब. गुहागरच्या अलीकडे त्यांनी मागून खणखणीत आवाजात विचारलं, "काय गो बाय, तुजं नाव काय?"

"सुजाता."

"लगीन झालंय?"

"हो."

"सासू हाय?"

गाडीतल्या सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. बशीरभाईंनीसुद्धा आरशातून बघितलं.

"आहेत," मी म्हटलं.

"कशी हाय?"

"चांगल्या आहेत."

"खरं सांग. भिऊ नको. हितं कोन वळखीचं नाय."

"खूपच चांगल्या आहेत," मी घामाने भिजत म्हटलं.

"असंल," त्या समाधानाने म्हणाल्या. मग परीक्षकांकडे वळून, "पोरगी गुनाची दिसतेय, नाय?"

धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला पोचलो तोवर मी प्रत्येक थांब्यावर माणसं मोजत होते. बारा. मशीद बघून झाली, बारा. जेवण झालं, बारा. पहिल्यांदाच मला वाटलं की जमतंय. इथेच माझी चूक झाली. दर वेळी चेहरे बघत बसण्यापेक्षा टोप्या मोजणं सोपं जातं, असं माझ्या लक्षात आलं. परीक्षकांसमोर झटपटही दिसतं. बारा पिवळे ठिपके मोजले की काम फत्ते!

दुपारी दोनच्या फेरीबोटीने परत निघालो. गाडी बोटीवर चढली, सगळे पाय मोकळे करायला उतरले, काही जण वरच्या मजल्यावर हवा खायला गेले. धोपावे जवळ आलं तसा मी आवाज दिला. "चला, चला, गाडीत बसा! टोप्या घाला!" सगळे धावत आले. मी दारात उभी राहून मोजलं. बारा टोप्या. परीक्षकांकडे विजयी मुद्रेने बघितलं आणि म्हटलं, "सर, गणना पूर्ण."

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

गाडी निघाली. वीसेक मिनिटं मी समुद्रकिनाऱ्यांविषयी माहिती सांगत होते. सासूबाई मागच्या जागेवर टोपी डोळ्यांवर ओढून, पदर गुंडाळून झोपल्या होत्या. बरं झालं, निदान चौकशा तरी थांबल्या, असं मनात आलं. (आलं! खोटं कशाला सांगू!)

गुहागर जवळ आलं आणि मागून आवाज आला.

"ए ड्रायव्हरदादा, थांबव रे. माजं घर आलं."

आवाज सासूबाईंचा नव्हता.

मी मागे वळले. टोपीखालून जो चेहरा बाहेर आला तो मी आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता. साठीची, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, पायाशी मासळीची रिकामी टोपली. तिने टोपी काढून नीट घडी घातली आणि माझ्यासमोर धरली. "घे गो तुजी टोपी. लय उपकार झाले."

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"मी काशी. दाभोळात मासळी विकते. बोटीवर उभी होते तर तुमच्या म्हातारीनं सांगतलं, पाय दुखत असतील तर माज्या जाग्यावर बस, मी वर हवा खाते. टोपी पन तिनंच घातली, ऊन लागंल म्हनून. मंग मला डोळा लागला. गाडी गुहागरला जातेय म्हटल्यावर मी उठू कशाला?"

मी जागेवरून उठले.

"आणि त्या? त्या कुठे आहेत?"

"वरच आसंल. बोटीवर."

फेरीबोट धोपाव्याला प्रवासी उतरवून पुन्हा दाभोळला गेली असणार. सासूबाईंना घेऊन! बाहत्तर वर्षं वय, साखर, फोन नाही, गोळ्या नाहीत. मला त्यांच्या कोलंबी सोलणाऱ्या बोटांखेरीज काही दिसेना. त्या उतरल्या असतील तर? भलत्याच गाडीत बसल्या असतील तर? पाण्यात वाकून बघताना तोल गेला असेल तर? मी मांडवीपासून दाभोळपर्यंतचे सगळे अपघात एका श्वासात डोळ्यांसमोर बघितले.

"बशीरभाई, गाडी फिरवा!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"शांत राहा," परीक्षक म्हणाले. त्यांनी कागद पुढे घेतला. "प्रवासी हरवल्यास पहिली पायरी कोणती?"

"नातेवाइकांना कळवणे," मी यंत्रासारखं म्हटलं.

"मग कळवा. त्यांचा संपर्क?"

मी पर्स छातीशी घट्ट धरली. मिलिंद पांढरेफटक पडले होते, तरी बिचारे अजूनही अनोळखी माणसासारखे खिडकीबाहेर बघत होते. खिशातून हळूच फोन काढून त्यांनी नंबर लावला. पुढच्याच क्षणी माझ्या पर्समधून सासूबाईंच्या फोनची घंटा वाजू लागली.

परीक्षकांनी माझ्या पर्सकडे बघितलं. मग मिलिंदच्या हातातल्या फोनकडे. मग पुन्हा पर्सकडे.

"या गृहस्थांनी तुम्हाला का फोन केला?"

"मला नाही सर," मी म्हटलं आणि आवाज फुटला. "हा त्यांच्या आईचा फोन आहे."

"माझी आई आहे ती!" मिलिंद उभेच राहिले आणि डोकं छताला आपटलं.

"माझी पण आई!" शोभाताईंनी हंबरडा फोडला.

"तुम्ही दोघं बहीणभाऊ? सकाळी तर तुम्ही यांना 'आपलं शुभनाव काय' असं विचारत होतात!"

"वहिनी माझी," नाना खालमानेने म्हणाले. "आणि ही माझी बायको. हिला गाडी लागत नाही, सर. ही हसत होती."

मग काय, सगळेच उठले. मागच्या रांगेतून चुलत दीर, मावसजाऊ, आते-मामे असा नातेसंबंधांचा पूरच आला. परीक्षक एकेकाकडे बघत होते आणि लिहायचं विसरले होते.

"आणि हरवलेल्या त्या आजी तुमच्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

"सासू, सर."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "सकाळी तुम्हाला सासूबद्दल विचारत होत्या, त्याच?"

"त्याच."

काशीबाय अजून गाडीतच होती. तिने मला सगळ्यांदेखत जवळ ओढून म्हटलं, "रडू नको गो. खाडीला दोनच टोकं. जाईल कुठं?" आणि घर आलेलं असूनही ती उतरली नाही. "मी तिच्या जाग्यावर बसले म्हनून ती राहिली. तिला बघितल्याबिगर मला घास जायचा नाय," म्हणत ती आमच्याबरोबर उलटी धोपाव्याला आली.

तो परतीचा रस्ता माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब रस्ता. मी परीक्षकांना सगळं सांगून टाकलं. साखरपुडा, शनिवार, खोटं, ओटीवरच्या सूचना. "नापास करा सर. पण त्या सापडल्या पाहिजेत. फॉर्म त्यांनीच भरायला लावला होता मला."

ते बशीरभाईंना म्हणाले, "जरा जोरात घ्या."

धक्क्यावर पोचलो तर बोट खाडीच्या मधोमध. मी कठड्याला धरून उभी. बोट इतकी सावकाश येत होती की तिला खाली उतरून ओढावं असं वाटलं. हळूहळू वरचा मजला दिसायला लागला. तिथे ओळखीची पांढरी साडी. पांढऱ्या साडीशेजारी बोटीवरचा तिकीटवाला. दोघांच्या मधे कागदावर उकडलेल्या शेंगा!

"आई!" मिलिंद ओरडले.

पांढऱ्या साडीने वरून हात हलवला. घाईघाईने नव्हे, सभेत पाहुणे हलवतात तसा.

बोट लागली. तिकीटवाला आधी उतरला आणि आमच्यावर खेकसला. "तुमच्या आजी काय? चार वेळा खाडी ओलांडली त्यांनी! दर वेळी सांगतोय उतरा, तर म्हणतात, मी जागा सोडणार नाय, आमच्यात तसा नियम हाय."

सासूबाई त्याच्या हाताला धरून सावकाश जिना उतरल्या. माझ्यासमोर आल्या. मी त्यांना मिठी मारायला हात पसरले, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यामागे उभ्या असलेल्या परीक्षकांवर पडली. त्या दोन पावलं मागे सरकल्या. चेहरा कोरा केला.

"काय गो बाय," त्या म्हणाल्या, "तू त्या पिवळ्या टोप्यांवाली ना? नाव काय म्हनालीस तुजं?"

"आई, राहू द्या आता," मी रडत म्हटलं. "सरांना सगळं कळलंय."

"काय कळलंय? आई कोन? मी हिला वळखत पन नाय, साहेब. पर पोरगी हुशार हाय. माजी चूक. तिनं हाक मारलेली, मीच वर बसून राहिले. मार्क कापायचे तर माजे कापा."

मिलिंद धक्क्यावरच खाली बसले. शोभाताई रडता रडता हसायला लागल्या. आणि डॉ. सबनीस, ज्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर सुरकुती हलली नव्हती, ते पाठ फिरवून खाडीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. काकूंचे हलत होते तसेच.

मी सासूबाईंना गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी काशीबायला हाक मारून शेंगा दिल्या. "झोप लागली काय गो?" "बरी लागली." एवढंच त्यांचं बोलणं झालं, जणू काही अख्खी दुपार त्यांच्या दोघींच्या संमतीनेच घडली होती.

गाडीत बसताना मी मोजलं. या वेळी टोप्या नाहीत. एकेकाच्या तोंडाला हात लावून, नाव घेऊन मोजलं. सासूबाईंना दोनदा.

रत्नागिरीत उतरताना परीक्षक म्हणाले, "नियम म्हणजे नियम. हे प्रात्यक्षिक मला धरता येणार नाही."

मी मान हलवली. मला तेच योग्य वाटत होतं.

"पण मी न विचारता तुम्ही सगळं खरं सांगितलंत. विभागाला मी दुसऱ्या तारखेची शिफारस करतो. महिन्याभराने. त्रयस्थ प्रवासी आणा. खरे त्रयस्थ." मग थांबून ते म्हणाले, "आणि त्या आजींना माझा नमस्कार सांगा. प्रवाशाने कसं वागावं, हे माझ्या वर्गातल्या कुणालाही इतकं नीट कळलेलं नाही."

महिन्याभराने मी तीच सहल पुन्हा नेली. बारा जण, सगळे परके, कुणी कुणाचं नाही. बारा गेले, तेच बारा परत आले. मी काठावर का होईना, पास झाले. निकालाच्या दिवशी सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले आणि प्रत्येक घरी 'ढकलली'ची गोष्ट स्वतःच रंगवून सांगितली. त्यात बोटीच्या फेऱ्या चाराच्या सात झाल्या.

पदवीदान समारंभ मुंबईला होता. मिलिंद म्हणाले, सोबत येतो. मी म्हटलं, "काही गरज नाही. प्रवास व्यवस्थापनातली पदव्युत्तर बाई आहे मी. एकटी जाईन!" स्टेशनवर पोचले तर त्या सकाळी गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलेलं आणि दोन फलाटांवर दोन गाड्या उभ्या. चौकशीच्या खिडकीवर विचारता आलं असतं. पण माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने चौकशीच्या खिडकीवर उभं राहायचं म्हणजे काय! मी ऐटीत एका गाडीत चढले आणि नव्या साडीला चुणी पडू नये म्हणून ताठ बसले.

तासाभराने समोरच्या आजोबांनी विचारलं, "कुठवर?"

"मुंबई," मी म्हटलं. "पदवी घ्यायला चाललेय."

"कसली पदवी?"

मी सांगितली. आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फार जपून म्हणाले, "बाई, ही गाडी मडगावला चालली आहे."

कणकवलीला उतरून मी घरी परत येईस्तोवर समारंभ आटोपला होता. पंधरा दिवसांनी पोस्टमनने दारात पाकीट आणून दिलं. प्रवास व्यवस्थापनातली माझी पदवी मुंबईहून रत्नागिरीपर्यंत एकटीच आली होती, आणि कुठेही न चुकता!